मदत हवी आहे: क्लोन केलेल्या सगळ्या मशीनच्या ब्रिजला एकच मॅक ॲड्रेस मिळतोय

नमस्कार मंडळी,

लिनक्समधल्या व्हर्च्युअल (सॉफ्टवेअरने बनवलेल्या) इंटरफेसना मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा हार्डवेअर पत्ता, नेमका कोण देतं आणि तो आपल्याला हवा तसा कायमचा कसा ठरवायचा, यावर अडलो आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

मांडणी अशी आहे. केव्हीएमवर (लिनक्सची व्हर्च्युअल मशीन चालवणारी सोय) एकाच टेम्प्लेटवरून क्लोन केलेली काही व्हर्च्युअल मशीन चालतात. प्रत्येक मशीनच्या मुख्य कार्डाला लिबव्हर्टने (ही मशीन सांभाळणाऱ्या साधनाने) ५२:५४:०० ने सुरू होणारा वेगवेगळा पत्ता दिलेला आहे, ते तपासलं. आत प्रत्येकात बीआर० नावाचा एक ब्रिज, म्हणजे सॉफ्टवेअरमधला स्विच आहे. मुख्य कार्ड त्या ब्रिजला जोडलेलं आहे, आयपी ब्रिजवर आहे आणि कंटेनरही त्यालाच जोडले जातात. ब्रिज सिस्टमडीच्या नेटवर्कडीमार्फत (नेटवर्क मांडणाऱ्या सेवेमार्फत), नेटडेव्ह या तिच्या कॉन्फिगरेशन फाइलमधून तयार होतो.

एकच मशीन चालू असेल तर सगळं सुरळीत. दुसरं सुरू केलं की पिंग मधूनच तुटतं, मधूनच चालतं. एसएसएचचं कनेक्शन लटकतं. कर्नलच्या लॉगमध्ये ब्रिजच्या नावाने संदेश येत राहतो, की स्वतःचाच पत्ता स्रोत म्हणून असलेलं पॅकेट पोर्टवर आलं. त्यावरून पत्ते बघायला गेलो तर सगळ्या मशीनमध्ये बीआर० चा मॅक ॲड्रेस अक्षर न् अक्षर तोच निघाला. तो आतल्या कोणत्याही कार्डाचा नाही.

माझ्या माहितीप्रमाणे ब्रिज आपल्या पोर्टपैकी एकाचा पत्ता घेतो. जुन्या आवृत्तीच्या मशीनवर तसंच होतं, त्यामुळे तिथे ही अडचण कधी आली नाही. आयपी लिंक कमांडने पत्ता हाताने बदलला तर नेटवर्क लगेच सुधारतं, पण मशीन पुन्हा सुरू केल्यावर जुनाच पत्ता परत येतो. म्हणजे तो आपोआप बनतोय, पण दरवेळी तोच बनतोय. हे यादृच्छिक नाही, एवढं नक्की.

विचारायचं आहे ते असं: हा पत्ता कुठून येतो? हाताने द्यायचा तर कोणते अंक सुरक्षित, कारण मनाने एक पत्ता टाकला तेव्हा कर्नलने तो नाकारला. आणि तो लिहून ठेवायची योग्य जागा कोणती?

प्रतिसाद

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. तुम्ही टाकलेल्या पत्त्याचा पहिला ऑक्टेट (पहिली दोन हेक्स अंकांची जोडी) विषम असणार. पहिल्या ऑक्टेटचा सर्वात खालचा बिट १ असेल तर तो मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांसाठीचा) पत्ता होतो आणि असा पत्ता कोणत्याही इंटरफेसला देता येत नाही. त्याच्या शेजारचा बिट १ असेल तर पत्ता स्थानिक पातळीवर ठरवलेला मानला जातो, म्हणजे कोणत्याही उत्पादकाच्या नोंदणीकृत २४ बिटांशी त्याची टक्कर होत नाही. थोडक्यात दुसरा हेक्स अंक २, ६, ए किंवा ई हवा. ५२ ने सुरू होणारा पत्ता याच नियमात बसतो. व्हर्च्युअलबॉक्सचा ०८:००:२७ मात्र नोंदणीकृत गटातला आहे, तो उचलून आपल्या ब्रिजला देऊ नका. २०१७ च्या आयट्रिपलई ८०२सी मानकाने या स्थानिक पत्त्यांचेही चार भाग पाडले आहेत. स्वतः ठरवलेल्या पत्त्यांसाठी त्यातला दुसरा अंक २ असलेला भाग आहे. नव्याने सुरुवात करत असाल तर तोच वापरा.

प्रतिसाद

मूळ कारण मशीन-आयडी, म्हणजे प्रत्येक लिनक्स मशीनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, आहे.

सिस्टमडीसोबत येणाऱ्या ९९-डिफॉल्ट लिंक फाइलमध्ये (इंटरफेसच्या सेटिंगची फाइल) मॅक ॲड्रेसचं धोरण 'पर्सिस्टंट', म्हणजे दरवेळी तोच, असतं. आवृत्ती २४२ पासून हे धोरण ब्रिजसारख्या व्हर्च्युअल इंटरफेसनाही लागू झालं. ज्याला स्वतःचा हार्डवेअर पत्ता नाही, त्याच्यासाठी इंटरफेसचं नाव आणि मशीन-आयडी यांच्या हॅशमधून (त्यांच्यावरून गणिताने काढलेल्या, त्याच माहितीला नेहमी त्याच येणाऱ्या आकड्यातून) पत्ता काढला जातो. मल्टिकास्टचा बिट शून्य करतात, स्थानिक बिट १ करतात, बस. नेटडेव्ह फाइलमध्ये पत्ता लिहिलेला नसेल तर नेटवर्कडीही नाव आणि मशीन-आयडीवरूनच तो ठरवतं. तुमच्याकडे टेम्प्लेटमुळे मशीन-आयडी सगळीकडे एक, ब्रिजचं नाव सगळीकडे बीआर०, मग पत्ता वेगळा कसा येईल? तुमच्या जुन्या मशीनवर यातलं काही लागू नसणार, म्हणून ब्रिज कर्नलच्या नेहमीच्या रीतीने पोर्टचा पत्ता घेत होता.

बाहेरचा ब्रिज किंवा स्विच आपल्या तक्त्यात एका पत्त्यासमोर एकच पोर्ट ठेवतो. दोन मशीन एकाच पत्त्याने बोलू लागली की ती नोंद इकडून तिकडे फिरत राहते. तुमचं पिंग त्यामुळे तुटतंय.

म्हणून पहिला उपाय ब्रिजवर नाही, टेम्प्लेटवर करा. क्लोन करण्याआधी ईटीसी फोल्डरमधली मशीन-आयडी फाइल रिकामी करून ठेवा. हटवू नका, फक्त रिकामी करा. पहिल्या बूटला प्रत्येक मशीन आपला आयडी स्वतः तयार करेल. डीबसची (प्रोग्रामांमधल्या संवादाची सेवा) या आयडीची वेगळी प्रत असेल तर ती याच फाइलचा दुवा आहे ना, तेही बघा. एसएसएचच्या होस्ट-की टेम्प्लेटमध्ये राहिल्या असतील तर त्याही काढा, त्याही सगळीकडे एकच असतील.

याचा दुसरा फायदा डीएचसीपीला (आपोआप आयपी मिळण्याला) होतो. नेटवर्कडी आपली ओळख म्हणून जो डीयूआयडी पाठवतं तोही मशीन-आयडीवरूनच बनतो. मॅक वेगळे करूनही दोन मशीनना एकच आयपी मिळाला असं दिसलं, तर कारण तिथेच शोधा.

प्रतिसाद (धागाकर्ता)

मनापासून आभार! टेम्प्लेट दुरुस्त करून नव्याने क्लोन केले. ब्रिजचे पत्ते वेगळे झाले, लॉगमधले संदेश थांबले. दोन मशीनना एकच आयपी मिळण्याचा प्रकारही झालेला होता, मी तो वेगळाच प्रश्न समजत होतो.

आता एकच शंका. स्विचवर पोर्टनिहाय परवानगी असलेले पत्ते नोंदवलेले असतात, म्हणून ब्रिजने मुख्य कार्डाचाच पत्ता वापरला तर मला सोयीचं होईल. पर्सिस्टंट धोरण बंद करून कर्नलवर सोपवू का?

प्रतिसाद

बंद करता येईल, पण दोन ठिकाणी करावं लागेल. नेटडेव्ह फाइलमध्ये मॅक ॲड्रेस 'नन' लिहायचा आणि शिवाय बीआर० साठी वेगळी लिंक फाइल करून त्यात धोरण 'नन' ठेवायचं. फक्त नेटडेव्हमध्ये केलंत तर यूडेव्ह (सिस्टमडीचा लिंक फाइली लागू करणारा भाग) पुन्हा आपला पत्ता बसवेल. लिंक फाइलचं नाव १० वगैरे आकड्याने सुरू करा, कारण क्रमाने पहिली जुळणारी फाइलच लागू होते.

तरीही तुमच्या मांडणीत मी ते करणार नाही. पत्ता स्पष्टपणे दिलेला नसेल तर कर्नल ब्रिजला पोर्टपैकी सर्वात लहान पत्ता देतो. तुमच्याकडे कंटेनर येत-जात असतात. एखाद्या कंटेनरच्या जोडणीचा पत्ता मुख्य कार्डापेक्षा लहान निघाला तर चालू ब्रिजचा पत्ता बदलेल आणि शेजारच्या मशीनमधल्या एआरपी नोंदी (कोणत्या आयपीचा मॅक कोणता, या नोंदी) जुन्या पडतील. यासाठीच लिबव्हर्ट यजमानाच्या (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या मूळ मशीनच्या) बाजूच्या टॅप इंटरफेसला, म्हणजे व्हर्च्युअल कार्डाच्या दुसऱ्या टोकाला, एफई:५४:०० ने सुरू होणारा पत्ता देतं, म्हणजे तो कधी सर्वात लहान ठरत नाही.

त्यापेक्षा नेटडेव्ह फाइलमध्ये मुख्य कार्डाचाच पत्ता ब्रिजसाठी लिहून टाका. एकदा स्पष्ट पत्ता दिला की पोर्ट कितीही आले-गेले तरी कर्नल तो बदलत नाही. खात्री करायची असेल तर सिस फोल्डरमध्ये त्या इंटरफेसखाली ॲडर-असाइन-टाइप ही फाइल वाचा. ० म्हणजे हार्डवेअरचा, १ यादृच्छिक, २ दुसऱ्या इंटरफेसकडून घेतलेला, ३ कोणीतरी ठरवून दिलेला. तुम्हाला ३ दिसायला हवा.

प्रतिसाद

वरच्या स्विचच्या मुद्द्यावरून एक जोड. तिथे पोर्टमागे मोजकेच पत्ते चालत असतील आणि पुढे कंटेनरना थेट नेटवर्कवर आणायचं असेल, तर मॅकव्हीलॅन (एका कार्डावर अनेक व्हर्च्युअल इंटरफेस बनवण्याची एक पद्धत) टाळा, त्यात प्रत्येक कंटेनरला स्वतःचा मॅक ॲड्रेस मिळतो. आयपीव्हीलॅन या तशाच दुसऱ्या पद्धतीत सगळे मूळ कार्डाचाच पत्ता वापरतात आणि आयपीवरून वेगळे ओळखले जातात. वायफायवरही हाच मार्ग, कारण ॲक्सेस पॉइंट सहसा जोडलेल्या उपकरणाचा एकच पत्ता स्वीकारतो.

प्रतिसाद (धागाकर्ता)

ब्रिजला मुख्य कार्डाचा पत्ता नेटडेव्ह फाइलमध्येच दिला. पुन्हा सुरू केल्यावरही टिकला, फाइलमध्ये ३ दिसतोय. आयपीव्हीलॅन चाचणीच्या मशीनवर करून बघतो आणि इथेच लिहितो.