मदत हवी आहे: सेक्स-रिलेशनशिप कोचकडे पहिल्या भेटीत काय होतं?

खानापूरची
शनिवारी पहिली भेट आहे. पैसे भरून झालेत, परत मिळत नाहीत. नवरा आधी तयार होता, आता म्हणतोय, "तिथं काय विचारतील, काय करायला लावतील, कुणास ठाऊक." बेळगाव-खानापूर भागातलं कुणी गेलंय का? आत काय होतं तेवढंच सांगा. घरात सासूबाई असतात, फोनवर कुणाला विचारता येत नाही. लवकर सांगा.

अनगोळकर
कोच म्हणजे कोण? डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, की पाटीवर नुसतं 'कोच'? भेट समोरासमोर की ऑनलाइन? आणि अडचण काय आहे? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

निपाणीचा मधू
ताई, कशाला पैसे घालवताय? यजमानांना रात्री दुधातून अश्वगंधा द्या, सोबत शिलाजित. मला स्वतःला फरक पडलाय.

मलप्रभा
मी समुपदेशन करते, म्हणून सविस्तर लिहिते. पहिली भेट बहुतेक बोलण्यातच जाते. आजार, चालू औषधं, लग्न कसं ठरलं, घरात एकांत मिळतो का, दोघांना काय हवंय, हे विचारतात. दोघांशी एकत्र बोलतात, कधी वेगवेगळंही. नको त्या प्रश्नाला "आत्ता नाही सांगणार" म्हणायची पूर्ण मुभा असते. कपडे काढणं नाही, अंगाला हात लावणं नाही. कुणी तसं सुचवलं तर तिथूनच उठायचं.

पुढे घरी करायला अभ्यास देतात. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन लैंगिक संशोधकांनी 1970 च्या सुमारास पुढे आणलेला एक प्रकार अजून वापरतात: काही काळ संभोग ठरवून बंद. दोघांनी आळीपाळीनं एकमेकांना नुसता स्पर्श करायचा, सुरुवातीला स्तन आणि जननेंद्रियं सोडून. 'आता पुढं काय' हे दडपण गेलं की शरीर सैल पडतं.

कोच म्हणवून घ्यायला आपल्याकडे परवाना लागत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारा, विचारण्यात काही गैर नाही.

खानापूरची
भेट ऑनलाइन आहे. कोचच आहेत, बाकी माहीत नाही. अडचण म्हणजे मला दुखतं. पहिल्यापासून. इतकं की संबंध पूर्ण झालेलाच नाही. लग्नाला दोनेक वर्षं झाली.

अनगोळकर
अहो, हे आधी सांगायचं की! मधूभाऊ, दुखतंय त्यांना आणि औषध नवऱ्याला?

निपाणीचा मधू
मी अनुभव सांगितला. आयुर्वेदाला नावं ठेवू नका.

मलप्रभा
आयुर्वेदाचा प्रश्नच नाही. लैंगिक ताकदीच्या औषधांची जाहिरात करायलाही 1954 च्या कायद्यानं बंदी आहे. पुरुषाची तक्रार असली तरी आधी साखर आणि रक्तदाब तपासायचा.
खानापूरची, तुम्ही आधी स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा. जंतुसंसर्ग, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) अशी कारणं असू शकतात. किंवा योनीभोवतीचे स्नायू आपोआप आवळले जातात, त्याला व्हजायनिस्मस म्हणतात. तुम्ही मुद्दाम करत नाही. फिजिओथेरपी, डायलेटर (योनीला हळूहळू सवय व्हावी म्हणून वापरायच्या लहान-मोठ्या गुळगुळीत नळ्या) आणि समुपदेशन यांनी बऱ्याच जणींना बरं वाटतं. तपासताना दुखलं तर थांबायला सांगा.

शहापूरचे वकील
संबंध झाला नसेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम 12 बघा, काही परिस्थितीत विवाह रद्द ठरवता येतो.

खानापूरची
ते मी विचारलेलंच नाही. नवरा चांगला आहे. मला त्याच्याबरोबरच राहायचंय. कोच इंग्रजीत बोलतात, त्याचंच मला जास्त टेन्शन आहे. असलं मला मराठीतच सांगता येईल.

अनगोळकर
हेच तर! इथं दवाखान्यात, कचेरीत सगळीकडे कन्नड फॉर्म. 1956 पासून आम्ही...

मलप्रभा
सीमाप्रश्नाला वेगळा धागा काढा, दादा. ताई, मराठीत बोलणारं कुणी आहे का ते आधीच विचारा. मन फार खचलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे. फुकट आहे, मराठीतही बोलतात.

खानापूरची
भेट पुढं ढकलायला सांगितली, तयार झाले. दवाखान्यातली वेळ घेते. नवऱ्याला हे सगळं वाचून दाखवलं. तो विचारतोय, वेगवेगळं बोलावतात तेव्हा एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगतात का?

मलप्रभा
प्रत्येकाची पद्धत वेगळी. मी सांगत नाही. काहीजण मात्र जोडप्यात गुपित ठेवायचंच नाही असं आधी बजावतात. दोघांनी मिळून पहिल्याच भेटीत विचारा. ऑनलाइन आहे, तर रेकॉर्डिंग होतं का तेही विचारा.

निपाणीचा मधू
यजमानांची साखर तेवढी तपासून घ्या.