मदत हवी आहे: तीन कार्टूनांतला चिक्कू स्क्रूज

चार्ल्स डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल' या गोष्टीतला कंजूष म्हातारा स्क्रूज (नाताळच्या रात्री भुतं येऊन त्याला सुधारतात) चौथी-पाचवीच्या मुलांना तीन ॲनिमेशनपटांतून शेजारीशेजारी दाखवायचाय: १९७१ चा रिचर्ड विल्यम्सचा, १९८३ चा मिकी माउसवाला, २००९ चा जिम कॅरीचा.

मार्लीच्या, म्हणजे स्क्रूजच्या मेलेल्या भागीदाराच्या, भुताचा प्रसंग लावून पाहिला. १९७१ मध्ये डोक्याला बांधलेलं फडकं सुटताच जबडा असा लोंबतो की मीच दचकलो. १९८३ मध्ये मार्ली झालेला गूफी पायऱ्यांवरून गडगडतो, नुसता हशा. तुलना जमेना. कबरस्तान नको, तेही भीतिदायकच. याच गोष्टीवरचा १९६२ चा मिस्टर मगूचा ॲनिमेशनपट मुद्दाम वगळलाय, मूळ गोष्टीत आधी भूतकाळाचं भूत येतं, त्यात मात्र वर्तमानकाळाचं त्याच्या आधी येतं.

वेळ अर्धा तास, चर्चेसकट. मूळ गोष्ट मुलांना माहीत नाही. भुतं यायच्या आधीचा कोणता प्रसंग घेऊ, स्क्रूज कारकुनाला शेकोटीसाठी कोळसा देत नाही तो कचेरीतला, की गरिबांसाठी वर्गणी मागणाऱ्यांचा?