मदत हवी आहे : हीथ्रो विमानतळावरून आईला ट्यूबने (लंडनच्या भुयारी रेल्वेने) घरी आणायचे आहे, पायऱ्या नसलेला मार्ग सांगा

विदुला :
माझी आई परवा लंडनला येत आहे आणि तिला पायऱ्या चढता-उतरता येत नाहीत. ट्यूबच्या नकाशावर काही स्थानकांपुढे चाकाच्या खुर्चीचे चिन्ह निळ्या वर्तुळात आहे, तर काहींपुढे पांढऱ्या. दोन्हीकडे लिफ्ट असेल तर हा भेद कशासाठी? कृपया कोणीतरी नेमका मार्ग सांगावा, म्हणजे मला पुढची तयारी करता येईल.

हॅरोकर :
घर कोणत्या स्थानकाजवळ आहे, विमान कोणत्या टर्मिनलवर उतरते आणि आईंना सरकता जिना चालतो का, हे कळल्याशिवाय मार्ग सांगता येणार नाही. वर्तुळांचे मात्र आत्ताच सांगतो. निळे वर्तुळ म्हणजे रस्त्यापासून थेट डब्यापर्यंत पायरी नाही. पांढरे वर्तुळ म्हणजे ही सोय फलाटापर्यंतच आहे, पुढे फलाट आणि डबा यांच्यात फट किंवा उंचीचा फरक राहतो. मेट्रोपॉलिटनसारख्या उथळ मार्गांवरच्या गाड्या मोठ्या असतात, तर खोल बोगद्यांतल्या ठेंगण्या. रेनर्स लेनला दोन्ही प्रकारच्या गाड्या एकाच फलाटाला लागतात, त्यामुळे पिकॅडिली या खोल मार्गाच्या ठेंगण्या डब्यात शिरताना पाऊल खाली टाकावे लागते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तेवढेही त्रासाचे होते.

जुना ठाणेकर :
ताई, इतक्या लांबच्या विमानप्रवासानंतर आईंना भुयारात नेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. टॅक्सी आधीच ठरवून ठेवावी. दारातून दारात पोहोचता येते आणि सामानाचीही चिंता राहत नाही.

विदुला :
काका, आईला मोटारीत फार मळमळते, म्हणूनच रेल्वेचा मार्ग विचारला आहे. विमान टर्मिनल दोनवर उतरेल, घर वेम्बली पार्कजवळ आहे. सरकता जिना चालणार नाही, कारण त्यावर पाऊल ठेवतानाच तिचा तोल जातो. ती काठी घेऊन सपाटीवर सावकाश चालते.

मीनल :
मग एलिझाबेथ मार्गाने बाँड स्ट्रीटला यावे. साधारण अर्ध्या तासाचा प्रवास आहे, गाडी वातानुकूलित आहे आणि या मार्गाच्या सर्व 41 स्थानकांवर पायऱ्यांविना जाता येते. बाँड स्ट्रीटला लिफ्टने ज्युबिली मार्गाच्या फलाटावर जाऊन वेम्बली पार्कची गाडी पकडावी. वेम्बली पार्कलाही लिफ्ट आहे.

सुहास :
एलिझाबेथचे हीथ्रोचे भाडे पिकॅडिलीपेक्षा बरेच जास्त आहे, हे कोणी सांगत नाही. पिकॅडिलीने ग्रीन पार्कला उतरून ज्युबिली पकडता येते. तिथे ऑलिंपिकच्या आधीच लिफ्ट झालेल्या आहेत.

मीनल :
ग्रीन पार्कला पिकॅडिलीपासून ज्युबिलीपर्यंतचा बोळ किती लांब आहे, हे आपल्यालाही ठाऊक असेलच. काठी टेकत चालणाऱ्या बाईंना थोड्या पैशांसाठी त्या गर्दीतून नेणे मला पटत नाही. शिवाय पिकॅडिलीला मध्य लंडन गाठायला जवळजवळ पाऊण तास लागतो आणि उन्हाळ्यात डबे तापलेले असतात.

सुहास :
डबे तापतात त्याचे कारण बोगदे आहेत. 1863 मध्ये सुरू झालेला पहिला मार्ग रस्ता खोदून, वर छत घालून बांधला गेला. तो उथळ आणि ऐसपैस आहे. 1890 पासूनचे खोल बोगदे मात्र लंडनच्या चिकणमातीत गोल कोरलेले असून त्यांचा व्यास बहुतेक ठिकाणी साडेतीन मीटरच्या आसपास आहे. ब्रेक लागताना निर्माण होणारी उष्णता ही माती शतकभर शोषत आली आहे. अशा अरुंद जागेत वातानुकूलन बसवले, तर डब्यातून बाहेर टाकलेली गरम हवा काढून देण्यास वाट फारच कमी उरते.

नेहा :
माझा एक सल्ला. आईंच्या आणि तुमच्या प्रवासासाठी वेगवेगळी कार्डे लागतील, आणि ज्या कार्डाने आत जाल त्यानेच बाहेर पडावे. आत जाताना फोन आणि बाहेर पडताना प्लास्टिकचे कार्ड वापरले, तर दोन अर्धवट प्रवास धरून कमाल भाडे कापले जाते, मग खाते एकच का असेना.

विदुला :
सर्वांचे आभार, बाँड स्ट्रीटचाच मार्ग घेते. विमान संध्याकाळी साडेचारला उतरते. एखादी लिफ्ट बंद असली तर?

हॅरोकर :
निघण्यापूर्वी लिफ्टची स्थिती वाहतूक संस्थेच्या संकेतस्थळावर पाहावी आणि बाँड स्ट्रीटला उतरताच कर्मचाऱ्यांना आईंची अडचण सांगावी. साडेचारला उतरल्यावर तपासणी उरकेपर्यंत गर्दीची वेळ होईल. तेव्हा ज्युबिलीची पहिलीच गाडी पकडण्याचा आग्रह धरू नये. फलकावर गाडीचे शेवटचे स्थानकही वाचावे. स्टॅनमोर (वेम्बली पार्कच्या पुढचे) किंवा वेम्बली पार्क असेल तरच बसावे, कारण काही गाड्या विल्सडन ग्रीनलाच संपतात आणि मग आईंना फलाटावर पुन्हा ताटकळत उभे राहावे लागेल.