नागपूर–हावडा, चौघं, आझाद हिंदनं: बुकिंग कधी आणि कसं?

रविवारी सकाळी नागपूरहून 12129 पकडायची आहे. आई-बाबा साठीच्या पुढचे, आम्ही दोघं तिशीतले. थ्री एसी. तत्काळ शनिवारी उघडेल ना?

प्रतिसाद १
नाही, शुक्रवारी! तत्काळचा दिवस गाडी जिथून सुटते तिथून मोजतात. ही पुण्याहून शनिवारी संध्याकाळी निघते, म्हणून शुक्रवारी एसीसाठी सकाळी 10 ला, स्लीपरसाठी 11 ला. 60 दिवसांचं आगाऊ बुकिंगही शनिवारपासूनच मागे मोजा. आयआरसीटीसीच्या खात्याला आधार जोडलेलं नसेल तर ऑनलाइन तत्काळ मिळत नाही, ते आधीच उरका. कन्फर्म तत्काळ तिकीट रद्द केलं तर पैसे गेले.

प्रतिसाद २
साधं बुकिंग करताना चौघांचं एकच तिकीट काढू नका. खालच्या बर्थचा ज्येष्ठ कोटा एका तिकिटावर फक्त एक-दोन ज्येष्ठच असतील, सोबत तरुण कोणी नसेल, तर लागतो. आई-बाबांचं वेगळं काढा. डबे वेगळे पडू शकतात, पण मधल्या बर्थवर चढण्यापेक्षा ते परवडलं. वेटिंगपुढे आरएलडब्ल्यूएल (मधल्या स्थानकांची वेगळी वेटिंग यादी) दिसलं तर फार आशा नको. ती यादी सावकाश सरकते. ई-तिकीट चार्टनंतरही पूर्ण वेटिंगवर राहिलं तर आपोआप रद्द होतं, त्यावर गाडीत चढू नका.

प्रतिसाद ३
हावडा पहाटे येतं, म्हणजे सोमवारी. हॉटेल रविवार रात्रीपासून धरा, नाहीतर चेक-इनपर्यंत सामान घेऊन बसा. त्या वेळी मेट्रो नसते. प्रीपेड टॅक्सीची पावती खिडकीवरच घ्या, बाहेरच्या हाकांना ओ देऊ नका.

मूळ प्रश्नकर्ता
शुक्रवार! बरं झालं विचारलं.