'एन्जॉय केलं' हो, पण काय? तुमचे अनुभव सांगा

भाची महाबळेश्वरला जाऊन आली. इंग्रजी निबंधात तिने लिहिलं, 'वी एन्जॉइड अ लॉट.' बाईंनी पुढे लाल प्रश्नचिन्ह काढलं. मी तर जन्मभर असंच लिहीत आले! काय एन्जॉय केलं ते लिहायला हवं, नाहीतर 'अवरसेल्व्ज' तरी जोडायला हवं म्हणे. तुमची कुणाची अशी फजिती झालीय का?

निवृत्त शिक्षिका, सातारा
खोट 'मजा केली'त आहे. 'केली' हे स्त्रीलिंग मजेमुळे आलं, म्हणजे कर्म आधीच आत बसलंय. मजा काढून तिथे एन्जॉय घातलं की 'केलं' होतं आणि कर्म गळतं, पण आपल्या कानाला वाक्य पुरतं वाटतं. आमच्या वेळी पाचवीला एबीसीडी सुरू व्हायची, आणि मराठीतलं सकर्मक-अकर्मकही मुलांना पुढेमागे शिकवायचंच असायचं. मी म्हणायचे, क्रियापदाला 'काय?' विचारा. एन्जॉइड. काय? द पिकनिक. झालं. 'देमसेल्व्ज'ला मात्र वर्ग खुदखुदायचा. एकाने भाषांतर केलं, 'त्यांनी स्वतःला उपभोगलं.' मीही हसले, काय करणार.

न्यू जर्सी
मग इथला वेटर ताट ठेवून नुसतं 'एन्जॉय!' म्हणतो ते? ऑफिसातल्या अमेरिकन मैत्रिणीला विचारलं. सदिच्छा म्हणून बोलण्यात ते सर्रास चालतं, म्हणाली. पण सोमवारी मी 'आय एन्जॉइड' म्हणून थांबले, तर ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. वाक्य पुरं व्हायची वाट बघत होती बिचारी.

वकील, ठाणे
आमच्याकडे कर्म कधी गळत नाही. खरेदीखतात मिळकत 'होल्ड, पझेस अँड एन्जॉय' करायची असते. नवशिका असताना वाटलं, घेणारा तिथे पार्टी करणार! तो एन्जॉय म्हणजे उपभोग, वहिवाट. 'एन्जॉय गुड हेल्थ'मधलाही त्याच घरातला.

नाशिक
मुलाखतीत 'आय एन्जॉय टू रीड' म्हणालो. 'रीडिंग' हवं होतं. नोकरी मिळाली, विषय संपला.

धागा काढणारी
बाई, तुमचा 'काय?' भाचीवर वापरला. म्हणाली, "स्ट्रॉबेरी विथ क्रीम. पण तसं लिहिलं असतं तर किती प्लेटा खाल्ल्या ते आईने विचारलं असतं ना, मावशी!"