मदत हवी आहे : पीएल-४८० चा गहू दानात आला की उधारीवर?

खतावणी :

नमस्कार मंडळी. गेली बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चूकभूल द्यावी घ्यावी.

आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा गप्पांची बैठक असते. अमेरिकेची परदेशांना मदत देणारी यूएसएड ही संस्था जुलै २०२५ मध्ये बंद झाली, त्यावरून या खेपेला 'श्रीमंत देशांची मदत' हा विषय निघाला. मी तावातावाने म्हणून बसले की मदत कसली डोंबलाची, आमच्या लहानपणी अमेरिकेतून यायच्या त्या पीएल-४८० गव्हाचे पैसे आपण मोजलेत. समोरून एक गृहस्थ म्हणाले, "ताई, फुकट आला होता तो गहू. आपण नावं ठेवत ठेवत खाल्ला." झालं. पुढच्या बैठकीत अर्धा तास बोलायचं माझ्या गळ्यात पडलंय.

नावं ठेवायचो हे खरंच. तांबूस गहू, पोळी गार झाली की वातड. रेशनच्या रांगेत आमच्यापैकी एकाची पिशवी नंबर धरून बसायची. आईकडे एक मांजरपाटाची पिशवी होती, तिच्यावर ढाल आणि ढालीत हातात दिलेला हात. धुऊन धुऊन अक्षरं उडाली, हात तेवढे राहिले. आई त्यात कुरडया ठेवायची.

आता अडलंय कुठे ते सांगते. मी बँकेत तीस वर्षं काढली, त्यामुळे जमेची आणि नावेची बाजू जुळल्याशिवाय मला झोप लागत नाही. वाचलं त्यावरून असं दिसतं की गव्हाचे पैसे आपण रुपयांत भरले. ते अमेरिकेच्या खात्यात, पण भारतातच राहिले. त्यातलेच पैसे अमेरिकेने आपल्याला कर्जाऊ दिले. आणि १९७४ साली त्यांच्या राजदूताने आपल्या सरकारच्या नावाने भलाथोरला चेक फाडला. मग पैसे नक्की भरले कोणी? फुकट म्हणणारा बरोबर की मी?

जाणकारांनी जरा उजेड पाडावा. राजकारणावरून हाणामारी नको, प्लीज.

सात_बारा :

ताई, तुम्ही दोघंही थोडे बरोबर आहात. बैठकीत हे सांगून कुणाचं समाधान होणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

सुरुवात भारतापासून नको, अमेरिकेतल्या कोठारांपासून करा. तिथलं सरकार शेतकऱ्याला भावाची हमी देऊन गहू घेत होतं आणि गहू साठत चालला होता. बाजारात सोडावा तर भाव पडतो, ठेवावा तर भाडं चढतं. जुलै १९५४ मध्ये आयझेनहॉवर यांनी सही केलेला कायदा क्रमांक ४८० (पब्लिक लॉ ४८०, म्हणजेच पीएल-४८०) हा त्यावरचा तोडगा होता. ज्यांच्याकडे डॉलर नाहीत त्यांना त्यांच्याच चलनात धान्य विकायचं. शिवाय निम्मा माल अमेरिकी जहाजांतूनच जायला हवा, हा त्याच साली झालेला दुसरा कायदा. म्हणजे शेतकरी खूश, जहाजवाले खूश, आणि भुकेल्याच्या ताटात पोळी. यातलं काहीच खोटं नाही, पण क्रम लक्षात ठेवा.

आपला पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. मोठा झाला तो मे १९६० मध्ये. तेव्हा अन्नमंत्री होते आपले मुंबईचे स. का. पाटील. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ असा तो सौदा होता.

आता तुमची खतावणी. रेशन दुकानात तुमच्या आईने रोख पैसे देऊन गहू घेतला. सरकारने तेवढे रुपये अमेरिकेच्या खात्यात जमा केले. हे रुपये डॉलरमध्ये बदलून घरी न्यायची सोय जवळपास नव्हती, ते खर्चायचे तर इथेच. थोडा भाग त्यांच्या वकिलातीच्या खर्चाला, थोडा इथे धंदा करणाऱ्या अमेरिकी कंपन्यांना कर्ज म्हणून, आणि मोठा भाग भारत सरकारलाच विकासकामांसाठी कर्ज आणि अनुदान म्हणून परत.

खतावणी :

थांबा थांबा. म्हणजे गिऱ्हाइकाने ठेव ठेवली सावकाराच्या नावाने, आणि सावकाराने त्याच ठेवीतून गिऱ्हाइकाला कर्ज दिलं? आमच्या शाखेत असा व्हाउचर आला असता तर मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं असतं.

सात_बारा :

अगदी तसंच! आणि कर्ज फिटत गेलं, व्याज चढत गेलं, तसा त्यांच्या खात्यातला रुपयांचा ढीग वाढत गेला. वकिलात खर्च करून करून किती करणार? एकदम बाजारात आणले तर इथे महागाईचा भडका. नुसते पडून राहिले तरी 'आपला एवढा पैसा अमेरिकेच्या हातात' म्हणून संसदेत ओरड. म्हणून १८ फेब्रुवारी १९७४ ला राजदूत मॉयनिहन यांनी १,६६४ कोटी रुपयांचा चेक दिला. शिलकेतला सुमारे दोन तृतीयांश भाग असा निकालात निघाला. सर्वांत मोठ्या रकमेचा चेक म्हणून गिनीजमध्येही त्याची नोंद झाली. उरलेले रुपये त्यांच्या वकिलातीला पुढे कितीतरी वर्षं पुरले.

माझं मत विचाराल तर चेकच्या दिवशी भारताला काहीच मिळालं नाही, कागदाला कागद भिडला. मिळालं ते आधीच, गहू बंदराला लागला तेव्हा. रुपये आपण मोजले, पण ते आपल्याच अंगणात फिरत राहिले. डॉलर द्यावे लागले नाहीत हीच खरी मदत, आणि तेव्हा डॉलरचाच दुष्काळ होता. एक पुरवणी : १९६६ मध्ये तो कायदा बदलला आणि हळूहळू डॉलरमध्ये फेडायच्या लांब मुदतीच्या कर्जाकडे गाडी वळवली गेली. तेवढा भाग सरळ उधारीचा.

गव्हाळ :

हिशेब झाला, पण किंमत फक्त रुपयांत नव्हती. ६५ आणि ६६ अशी लागोपाठ दोन वर्षं पावसाने दगा दिला, तेव्हाचं बघा. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी लांब मुदतीचा करारच करायचं बंद केलं. महिन्या-दोन महिन्यांचा गहू सोडायचा आणि पुढच्या खेपेसाठी आपली फाइल स्वतःच्या टेबलावर ठेवून घ्यायची. शेतीवर खर्च वाढवा, खतासाठी परदेशी भांडवल येऊ द्या, या अटी होत्याच. वर व्हिएतनामवर आपण काही बोललो की जहाजं रेंगाळायची. इकडे शास्त्रीजी सोमवारी रात्रीचं जेवण सोडा म्हणून सांगत होते. माझे आजोबा पुढे मरेपर्यंत सोमवारी रात्री जेवले नाहीत. आम्हाला वाटायचं शंकराचा उपास.

हेही सांगा की त्याच अपमानातून जास्त पीक देणाऱ्या मेक्सिकन गव्हाचं १८ हजार टन बियाणं १९६६ मध्ये आलं. तेव्हाचे अन्नमंत्री सी. सुब्रह्मण्यम यांनी ते रेटून नेलं. जॉन्सन यांनी दोरी आवळली नसती तर एवढी घाई झाली असती का, यावर आमच्या घरात अजून भांडणं होतात.

मधली_सुट्टी :

माझी दोन पैशांची भर. शाळेत केअर या अमेरिकी संस्थेचं दूध आणि सांजा मिळायचा, त्या पिवळ्या तेलाचा वास अजून नाकात आहे. आणि बाहत्तरच्या दुष्काळातलं लाल मिलो, ती अमेरिकी ज्वारी, कसं विसरलात? तेही पीएल-४८० चंच ना? शिवाय गाजर गवत! ते त्या गव्हातूनच आलं. हे फुकट मिळालं हे मात्र नक्की. :)

सात_बारा :

तीन गोष्टी, तीन वेगळी उत्तरं.

शाळेतलं दूध-सांजा हे खरंखुरं दान. त्याच कायद्यातलं ते दुसरं कलम, संस्थांमार्फत फुकट वाटपाचं. वाचनालयातल्या गृहस्थांना एवढा गुण द्यायला हरकत नाही.

मिलो दोनदा आलं. पासष्ट-सासष्टचं पीएल-४८० मधलं. पण डिसेंबर १९७१ मध्ये, बांगलादेश युद्धाच्या वेळी, अमेरिकेने मदत रोखली आणि सवलतीचे सौदे थांबले. म्हणून बाहत्तरचं मिलो त्या खात्यात धरू नका. त्र्याहत्तरमध्ये तर आपण रशियाकडून २० लाख टन गहू उसना घेतला होता.

गाजर गवताचं सगळे असंच सांगतात, माझे वडीलही. पण पुण्यात ते दिसलं १९५५ च्या सुमारास, आणि पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. गव्हाने ते पुढे पसरवलं असेल, पण पहिला आरोप तारखेवरच फेटाळला जातो.

शिळोप्या :

जुनं पुरे, आजचं बोला. १९७० पासून श्रीमंत देश म्हणताहेत की उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदतीला देऊ. देतात ते मोजके, नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग असे. ब्रिटनने २०१५ मध्ये तसा कायदा केला, २०२१ मध्ये ०.५ वर आले, आता २०२७ पर्यंत ०.३ करणार आणि वाचलेले पैसे संरक्षणाला. आणि आपल्याकडची बुलेट ट्रेन? जपानचं कर्ज ०.१ टक्के व्याजाने, ५० वर्षांत फेडायचं, पहिली १५ वर्षं हप्ता नाही. तंत्र मात्र शिंकान्सेनचंच, म्हणजे जपानच्याच बुलेट ट्रेनचं. सात_बारा म्हणतात ते कोठारांचं गणित इथेही लावून बघा, फक्त गव्हाच्या जागी डबे.

खतावणी :

बुलेट ट्रेन काढली तर अर्ध्या तासाचा दीड तास होईल, आणि चहा आधीच गार येतो. पण ०.१ टक्का व्याज ऐकून बँकवालीच्या पोटात कालवलं, हे कबूल करते.

सात_बारा, तुमच्यामुळे ताळेबंद जुळला. गृहस्थांना सांगीन : पैसे आईने मोजले, शेवटचा उधारीचा भाग सोडला तर डॉलर कुणीच मोजले नाहीत, आणि दूध-सांजा तुमचा.

लेक_मिशिगन :

उशिरा आले, पण एक राहिलंय. त्या पडून असलेल्या रुपयांतून १९६२ पासून अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाचं दिल्लीतलं कार्यालय भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन इकडच्या विद्यापीठांना पाठवायचं. त्यात मराठीही. शिकागोला आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी पहिल्यांदा गेले तेव्हा दक्षिण आशियाच्या मजल्यावर मराठीची कपाटं बघून रडूच आलं. कथा, शेतीच्या पुस्तिका, दिवाळी अंक, पाककृती, काय वाटेल ते. काहींच्या आत पीएल-४८० चा शिक्का आहे. पुण्यात शोधून मिळालं नाही असं एक पुस्तक मला इथे मिळालं.

खतावणी :

अगं, म्हणजे आईच्या गव्हाच्या पैशांची पुस्तकं शिकागोत?! हे कुठे ठाऊक होतं. एक काम करशील का? शिक्क्याचा फोटो काढून इथे टाकशील? बैठकीत मोबाइल फिरवीन.

लेक_मिशिगन :

शुक्रवारी जाणार आहे, काढते. कुठलं पुस्तक हवंय?

खतावणी :

कुठलंही चालेल. पण पाककृतीचं मिळालं तर बघ, आणि त्यात कुरडया असतील तर ते पानही.