‘सेट’ या इंग्रजी शब्दाचे नेमके अर्थ किती, आणि ते लक्षात ठेवायचे कसे?

प्रश्न

नमस्कार. मी काही वर्षांपासून यंत्रांच्या माहितीपुस्तिका इंग्रजीतून मराठीत आणण्याचे काम करतो. अवघड पारिभाषिक शब्दांनी मला फारसे छळलेले नाही, कारण ते कोशात सापडतात आणि एकदा प्रतिशब्द ठरला की पुढे तोच चालतो. खरी फजिती होते ती इंग्रजी शिकू लागलेल्या मुलालाही ठाऊक असणाऱ्या लहान शब्दांपाशी. गेल्या आठवड्यात एका जोडणीपुस्तिकेत हे वाक्य आले : ‘सेट द फर्स्ट सेट ऑफ पिन्स इन प्लेस, सेट द टायमर फॉर टेन मिनिट्स अँड डोन्ट मूव्ह द फ्रेम अंटिल द ग्लू हॅज सेट.’

एका वाक्यात चार वेळा ‘सेट’! घाईघाईत मी चारही ठिकाणी तो तसाच ठेवला आणि ‘पिनांचा पहिला सेट जागेवर सेट करा, टायमर सेट करा आणि गोंद सेट होईपर्यंत चौकट हलवू नका’ असे लिहून मोकळा झालो. तपासणाऱ्यांनी त्या वाक्याभोवती लाल वर्तुळ काढून समासात एवढेच लिहिले, की ‘हे मराठी आहे का?’ राग आला, पण प्रश्न रास्त होता.

कोश उघडला तर अर्थांची यादी संपता संपेना, आणि विसावा अर्थ वाचेपर्यंत पहिले पाच विसरायला झाले. एका शब्दाला इतके अर्थ येतात कोठून, आणि अनुवाद करताना त्यांतला नेमका अर्थ ओळखण्याची काही रीत आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १

यादी संपत नाही, ही आपली तक्रार अगदी खरी आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची वीस खंडांची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये निघाली, तेव्हा तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’चीच होती, सुमारे ४३० अर्थ आणि जवळपास ६०,००० शब्दांचा मजकूर, म्हणजे एका शब्दासाठी एक पुस्तकच. पुढे त्याच कोशाचे फेरसंपादन सुरू झाल्यावर ‘रन’ या क्रियापदाने ६४५ अर्थांनिशी त्याला मागे टाकले. परंतु या आकड्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण कोशकार अर्थांच्या फार बारीक फोडी करतात आणि प्रत्येक फोड वेगळी मोजतात.

पाठांतर करण्याऐवजी मूळ पाहावे, असे मी सुचवेन. इंग्रजीत ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ म्हणजे बसवणे. ‘सेट’ हे ‘सिट’चे प्रयोजक रूप आहे. ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि ‘फेल’ म्हणजे (झाड) पाडणे ही जोडीही त्याच साच्यातली. आपण मराठीत ‘-वणे’ लावून जे काम करतो, ते जुन्या इंग्रजीत मधला स्वर बदलून होत असे. एकदा हे ध्यानात आले, की निम्मे अर्थ आपोआप मराठी बोलू लागतात. वैद्य निखळलेले हाड बसवतो, सोनार कोंदणात खडा बसवतो, दारावर पहारा बसवतात, खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवतात; या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत ‘सेट’ चालते आणि मराठीत ‘बसवणे’. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच वाटेने जावे, याची मला अजूनही गंमत वाटते.

थोडे विषयांतर करतो. ‘सिट’ आणि ‘सेट’ यांचा धातू संस्कृतातल्या ‘सद्’चा सख्खा भाऊ आहे, म्हणजे संसद, परिषद, सभासद आणि उपनिषद हे सारे शब्द त्याच घराण्यातले. पक्ष्याचे ‘नीड’ आणि इंग्रजीतले ‘नेस्ट’ हेही तेथलेच. पक्षी जेथे खाली बसतो ती जागा. आपले ‘बसणे’ मात्र ‘उपविश्’वरून ‘बैसणे’ होत आलेले आहे. त्यामुळे अर्थ जुळला तरी रक्ताचे नाते नाही.

प्रतिसाद २

वरील विवेचन उत्तम आहे, पण कामाच्या घाईत व्युत्पत्ती आठवत बसणे सगळ्यांनाच जमणार नाही. मी न्यायालयीन कागदपत्रांचे अनुवाद करते. माझी रीत अशी, की ‘सेट’कडे पाहायचेच नाही, त्याचे कर्म कोण आणि त्याच्या पाठीमागे कोणते अव्यय आले आहे, एवढेच पाहायचे. कर्म सापडले की मराठी क्रियापद ते कर्मच सुचवते. सापळा असेल तर लावतात किंवा रचतात, प्रश्नपत्रिका काढतात, तारीख ठरवतात, उदाहरण घालून देतात, विक्रम करतात, आग लावतात, कैद्याला मोकळे करतात. ‘बसवणे’प्रमाणेच ‘लावणे’ हेही ‘सेट’चे जवळचे नातलग आहे. ‘इट सेट मी थिंकिंग’ याला ‘त्याने मला विचार करायला लावले’ इतके चपखल मराठी तयार असताना उगाच ‘विचारप्रवृत्त केले’ असे लिहिण्याची हौस कशासाठी?

अव्ययाचे प्रकरण अधिक जपून हाताळावे लागते, आणि येथे मी स्वतः तोंडघशी पडलेले आहे. ‘सेट असाइड’ म्हणजे एरवी बाजूला ठेवणे. वेळ किंवा पैसा राखून ठेवणे. परंतु वरच्या न्यायालयाने खालच्या न्यायालयाचा आदेश ‘सेट असाइड’ केला, तर तो आदेश रद्द झालेला असतो. कामाच्या पहिल्याच वर्षी मी ‘आदेश बाजूला ठेवण्यात आला’ असे लिहिले होते, आणि वाचणाऱ्याचा समज झाला, की त्यावर पुढे कधीतरी विचार व्हायचा आहे. निकालाचा अर्थच त्यामुळे उलटा झाला. सुदैवाने तो मसुदा होता.

‘सेट इन’मध्ये आरंभ असतो, पण तो मुक्कामाला आलेल्या गोष्टीचा. एखादी सर येऊन गेली तर ते ‘सेट इन’ नव्हे. पाऊस लागून राहिला तर ते ‘सेट इन’. ‘सेट ऑफ’ म्हणजे प्रवासाला निघणे, पण त्यापुढे स्फोटक किंवा धोक्याची घंटा आली तर अनुक्रमे उडवणे आणि वाजवणे. ‘सेट अप’ म्हणजे उभारणे, आणि कर्म माणूस असेल तर बरेचदा त्याला कटात अडकवणे. आणखी एक बारीक गोष्ट अशी, की या क्रियापदाचे रूप भूतकाळात बदलत नाही. त्यामुळे ‘दे सेट द प्राइस’ हे वाक्य ‘ते किंमत ठरवतात’ आणि ‘त्यांनी किंमत ठरवली’ असे दोन्ही असू शकते. काळ आजूबाजूच्या वाक्यांवरूनच काढावा लागतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. ‘बसवणे’ आणि ‘लावणे’ यांनी माझ्या वाक्यातल्या दोन ‘सेट’ची सोय झाली. पण पिनांचा ‘सेट’ कोणी बसवत नाही, तो आधीच असतो. आणि गोंदाला बसवणारे कोणीच नाही, तो आपोआप ‘सेट’ होतो. या दोघांना त्या मुळाशी कसे जोडायचे? शिवाय सूर्यही ‘सेट’ होतो, त्याला कोण बसवते?

प्रतिसाद ३

आधी सूर्य. जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला ‘आसनाकडे जाणे’ अशा अर्थाचा जोडशब्द होता, म्हणजे दिवसभराची वाटचाल संपवून सूर्य बसायला जातो अशी ती कल्पना. ‘सेट’ येथे अकर्मक झाले आहे. दुसऱ्याला बसवणे नव्हे, तर स्वतः खाली बसणे. गोंदाचेही तेच. मराठीतही गाळ तळाशी बसतो, धूळ बसते, थंडीने घसा बसतो, आणि कोणी बसवणारा दिसत नाही.

मात्र गोंदासाठी ‘बसेपर्यंत’ चालणार नाही, आणि ‘वाळेपर्यंत’ तर मुळीच लिहू नका. ‘सेट’ होणे आणि वाळणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. सिमेंट पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने घट्ट होते, म्हणून ते पाण्याखालीदेखील ‘सेट’ होते. तेथे वाळण्याचा प्रश्नच येत नाही. उलट एखाद्या लेपाचा पृष्ठभाग हाताला कोरडा लागतो आणि आत तो कच्चाच असतो. तेव्हा ‘घट्ट होईपर्यंत’ किंवा, बोलीच्या जवळ जायचे असेल तर, ‘गोंद धरेपर्यंत’ हे योग्य.

आता पिनांचा ‘सेट’. त्याला त्या मुळाशी जोडण्याचा खटाटोप करू नका, कारण तो निराळ्या घरचा आहे. समूह या अर्थाचे ‘सेट’ हे नाम जुन्या फ्रेंचमधून आले आणि त्याच्या मागे लॅटिनमधला ‘सेक्ता’ हा शब्द आहे. अर्थ अनुयायी, पंथ. इंग्रजीतला ‘सेक्ट’ हा त्याचाच सहोदर. आरंभी तो माणसांच्या कंपूसाठी होता, पुढे वस्तूंच्या संचासाठी आला, आणि गणितात गेओर्ग कांटोर यांनी जर्मनमध्ये मांडलेल्या कल्पनेला इंग्रजीने हेच नाव दिले. आपण त्याला संच म्हणतो. दोन वेगळे शब्द उच्चाराने एक झाल्यावर लोकांनी त्यांचे अर्थही एकमेकांत मिसळून टाकले, त्यामुळे कोशात त्यांच्यामधली भिंत चटकन दिसत नाही. नाटकाचा सेट मात्र ‘मांडणे’ या क्रियापदाकडचा आहे, पंथाकडचा नव्हे.

जाता जाता : ‘अॅसेट’मध्ये ‘सेट’ ऐकू येत असले, तरी त्याचा या दोघांशीही संबंध नाही. तो ‘पुरेसे’ या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आला आहे. देणे फेडायला पुरेल इतकी मालमत्ता. ‘अपसेट’ मात्र याच घरचा, आणि त्याचा जुना अर्थ चक्क ‘उभे करणे’ असा होता. उलथवण्याचा आणि पुढे मन बिघडण्याचा अर्थ नंतरचा.

प्रतिसाद ४

एक लहानशी हरकत नोंदवतो. ‘सेट’ मराठीत कोठेच ठेवू नये, असा सूर वरच्या प्रतिसादांमधून निघतो आहे, तो मला मान्य नाही. टेनिसचा सेट सेटच राहणार; त्याला ‘संच’ म्हणणाऱ्याला कोणी खेळाडू ओळखणार नाही. शिवाय आपण या शब्दाला इंग्रजीत नसलेले अर्थही दिले आहेत. नोकरी लागून घडी बसलेला माणूस आपल्याकडे ‘सेट झाला’ असतो, तर इंग्रजीत तेथे ‘सेटल्ड’ म्हणावे लागते. ‘त्याने आत सेटिंग लावले आहे’ यातला आडमार्गाचा बंदोबस्त तर अस्सल आपला. तो इंग्रजी कोशाच्या त्या ४३० अर्थांत शोधून सापडणार नाही. माहितीपुस्तिकेत मात्र मीही ‘टायमर लावा’ असेच लिहीन.

प्रश्नकर्ता

सुधारलेले वाक्य आज तपासणीसाठी पाठवले : ‘पहिल्या संचातील पिना आपापल्या जागी बसवा, टायमर दहा मिनिटांवर लावा आणि गोंद घट्ट होईपर्यंत चौकट हलवू नका.’ लाल वर्तुळ आले नाही. समासात फक्त ‘पिना’च्या जागी ‘खुंट्या’ चालेल का, असे विचारले आहे. चित्रात त्या लाकडी दिसतात, म्हणजे तेथेही चूक माझीच.